प्लांट वाढवू का?

शुभांगीवहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्रेसरच्या खोलीत उभी होते. त्या खोलीत फोन घेण्यात अर्थ नसतो, तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. पण वहिनी सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही म्हणून घेतला. मला एवढंच ऐकू आलं, "...गेले." मी ओरडून विचारलं, "कुठे गेले?" पलीकडून ती काहीतरी बोलली, ते मशीनच्या आवाजात बुडालं. मी पुन्हा विचारलं, "अगं, इकडे यायला निघालेत का?" मग दार लोटून बाहेर आले आणि बाहेरच्या शांततेत तिचं रडणं स्पष्ट ऐकू आलं. माझा मामेभाऊ नंदकुमार, आमचा नंदूदादा, नवघरच्या त्याच्या घरी चहा पिता पिता खुर्चीतच गेला होता. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. बाई नवरा गेल्याचं सांगतेय आणि मी विचारतेय कुठे गेले... पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की अंगावर काटा यायचा.

भाईंदर पश्चिमेला, राईहून मुर्ध्याकडे जाताना खाडीच्या अंगाला बर्फाचा एक जुना कारखाना आहे. तिथे मी मॅनेजर आहे. मच्छीमार बोटींना लागणाऱ्या लाद्या आमच्याकडून जातात, शिवाय मासळीबाजार, लग्नाचे हॉल, उसाच्या रसाच्या गाड्या. पूर्वी भोवती मिठागरं होती, आता भिंतीला खेटून बिल्डिंगी आल्यात आणि मागच्या गल्लीत एक बालवाडी आहे. बर्फ ही गोष्ट लोकांना फार निरागस वाटते. पण तो बनतो अमोनियावर. कॉम्प्रेसर हा वायू दाबून दाबून घट्ट करतो, गार पाण्याच्या फवाऱ्याखाली त्याचं पाणी होतं, आणि ते पुढे जाऊन ज्या टाकीत बर्फाचे साचे बुडवलेले असतात ती टाकी थंडगार करतं. नळीत आहे तोवर अमोनिया कामाचा. बाहेर आला तर आधी डोळे जातात, मग श्वास. थोडा निसटला तरी माणूस वाट फुटेल तिकडे पळतो, आणि पुष्कळ निसटला तर पळायलाही वेळ मिळत नाही. मी तिथे इतकी वर्षं काढली, तरी बालवाडीतली पोरं गाणी म्हणायला लागली की माझी नजर आपोआप दाबाच्या काट्यावर जाते.

या भीतीपायीच मी नंदूदादाला तिथे आणलं होतं. आमचं मशीन चालवणारं जुनं पॅनेल कधी काय करील याचा नेम नव्हता, आणि कारखान्यांतल्या मशीनना अक्कल शिकवणं हा नंदूदादाचा धंदा होता. आता प्रत्येक कारखान्यात एक कंट्रोलर असतो, हाताच्या पंजाएवढा डबा; कोणता पंप कधी फिरायचा, कोणता व्हॉल्व्ह कधी मिटायचा, हे तो ठरवतो, आणि त्याने काय ठरवायचं ते नंदूदादा त्यात लिहून ठेवायचा. मूळचा मात्र दुकानदाराचा मुलगा. म्हसळ्याच्या बाजूला मामांचं किराणा दुकान होतं. मे महिन्यात मी आजोळी गेले की हा गल्ल्यावर बसून मला गुळाचे खडे द्यायचा, आणि वर मामांना सांगायचा की मुंग्यांनी नेले. पुढे डिप्लोमा केला, मुंबईला नोकऱ्या केल्या, नवघरला घर घेतलं, पण बोलणं दुकानातलंच राहिलं. बिघडलेल्या मशीनसमोर उभा राहून गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायचा, "बोला, काय देऊ?"

पॅनेलच्या स्क्रीनवर तो मराठीतून सूचना लिहायचा. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. 'पाणी कमी आहे, बघून घ्या.' 'मागचं दार उघडं राहिलंय.' कारखान्याच्या शेठला ते आवडायचं नाही. "ये तो घर की बाई जैसा बोलता है," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी नंदूदादाला ते सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "मने, घाबरलेला माणूस पहिल्यांदा इंग्रजी विसरतो. त्याला आईच्या भाषेत सांगितलं तरच कळतं." मला ते तेव्हा फार पटलं होतं. आजही पटतं, पण त्यात एक मेख आहे, ती पुढे येईलच.

एका बाबतीत मात्र तो कमालीचा घट्ट होता. खूप पूर्वी, दुसरीकडे कुठेतरी, एका प्लांटवर मशीन दोष दाखवून सारखं थांबत होतं आणि तिथला माणूस काही न बघता बटण दाबून ते पुन्हा चालू करत होता. शेवटी नळी फुटली. नंदूदादा तिथे पोचला तेव्हा एका कामगाराला डोळे धरून रिक्षात घालत होते. ते दृश्य त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक नियम असे: दोष दिसून मशीन थांबलं, किंवा कोणी आणीबाणीचं लाल बटण दाबलं, की पासवर्ड टाकल्याशिवाय ते पुन्हा चालू व्हायचं नाही. आणि पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. आमच्याकडे असं काही झालं की तो नवघरहून स्कूटरवर पूल ओलांडून यायचा, सगळीकडे फिरायचा, नळ्यांना हात लावायचा, वास घ्यायचा, आमच्या ऑपरेटरला, हरेश्वरकाकांना, दहा प्रश्न विचारायचा, सगळ्यांवर डाफरायचा, आणि मग आमच्याकडे पाठ करून बोटं चालवायचा. मी चिडवायची, "एटीएम आहे का रे ते?" तो म्हणायचा, "तुला सांगितला तर तू शेठला सांगशील, शेठ वॉचमनला सांगेल, आणि वॉचमन झोपेत दाबेल. झाकली मूठ सव्वा लाखाची." एकदा मी गंभीरपणे विचारलं, "उद्या तुला काही झालं तर?" तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्याची तर मेल्यावरही गेली नाही. नवघरच्या घरी माणसं जमली होती, अजून त्याला बाहेर आणायचं होतं. हरेश्वरकाका मुर्ध्याहून आले, नमस्कार करून माझ्या शेजारी उभे राहिले आणि थोड्या वेळाने खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आता मशीन अडली तं?" मला त्यांचा राग आला नाही, कारण तोच विचार माझ्या मनात आधी येऊन गेला होता. माझा भाऊ समोर पडलाय आणि मला घाम फुटलाय तो काट्याच्या भीतीने. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, आता नको." पण भीतीला आता आणि नंतर कळत नाही. स्मशानातून परत येताना मी रिक्षातूनच कारखान्यात फोन लावला आणि दाब किती आहे ते विचारलं.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. वीज गेली-आली तर कंट्रोलर आपोआप सावरायचा, त्याचं भय नव्हतं. प्लांट बंद करायची वेळ आली तर हरेश्वरकाका हाताने करायचे: आधी लोड म्हणजे मशीनवरचा भार, मग व्हॉल्व्ह, मग मशीन, असं सावकाश चालणारं काम. त्यात क्रम चुकला तर कंट्रोलर तो दोष समजायचा, आणि दोष म्हणजे पासवर्ड. म्हणजे एकदा का प्लांट अडला की अडला. टाकीतला बर्फ वितळणार, बोटी दुसरीकडे वळणार, आणि लाद्या ओढणारी, साचे भरणारी सगळी माणसं घरी बसणार. त्याहून वाईट गोष्ट मला रात्री जागं ठेवायची. दाब हाताबाहेर गेला तर मशीन थांबवणारा एक शेवटचा कटआउट होता. तो नीट चालतो की नाही हे अधूनमधून मुद्दाम थांबवून तपासावं लागतं. ते आता तपासता येत नव्हतं, कारण तपासायचा म्हणजे प्लांट अडणार. विषाची परीक्षा कोण घेणार? ज्या पासवर्डने आमचं रक्षण करायचं, त्याच्याच धाकाने आम्ही रक्षणाच्या दोऱ्या तपासायच्या सोडून दिल्या होत्या. आणि कटआउटने दगा दिला तर पुढे फक्त छपरावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, जो उघडला की अमोनिया सरळ हवेत, आणि हवा बहुतेक दिवस खाडीकडून गावाकडे वाहते.

शेठने घोडबंदरकडून एक इंजिनीअर धाडले, मिश्राजी. शांत माणूस, काम जाणणारा. त्यांनी पॅनेल उघडलं, स्वतःचा लॅपटॉप जोडला, आणि तिथेही पासवर्डच आडवा आला. नंदूदादाचा लॅपटॉपही वहिनीने आणून दिला होता. त्यातली फाइलसुद्धा त्याच पासवर्डने बंद. मग अंदाज सुरू झाले. आपल्या माणसाच्या मनात शिरायला आपल्याला वाटतं आपण दारातच उभे आहोत... गावदेवीचं नाव, मामांच्या दुकानाचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, स्कूटरचा नंबर. वहिनी फोनवरून एकेक सांगायची. स्वतःचं नाव तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि तेही चुकीचं निघालं तेव्हा मी तिला म्हटलं की ते टाकून बघायचं राहिलंच. त्यानंतर स्क्रीनवर इशारा आला की आणखी चुका झाल्या तर कंट्रोलर कायमचा मिटेल. मिश्राजींनी हात मागे घेतले.

"मैडम, एक ही रास्ता है," ते म्हणाले. "मेमरी क्लीअर करनी पड़ेगी. डिब्बा खुल जाएगा, लेकिन अंदर का सब उड़ जाएगा."

"अंदर क्या क्या है?"

"वो तो वही जानते थे."

म्हणजे आत जायचं असेल तर आधी आतलं सगळं पुसायचं. आणि पुसल्यावर नवं काय लिहायचं ते कोणाला माहीत नव्हतं, कारण त्याने कुठल्या संकटाला कुठला उपाय ठेवलाय ते त्यातच लिहिलेलं होतं. एकदा तो मला म्हणाला होता, घाईच्या वेळेसाठी आत एक सोय करून ठेवलीय. कसली सोय, मी विचारलं नाही. म्हणून ठरलं की प्लांट चालू आहे तोवर मिश्राजींनी रोज येऊन बसायचं आणि तो काय काय करतो ते बघून शिकायचं. तोवर आम्ही प्लांट अडू द्यायचा नाही. शेठ म्हणाले, "संभाल के." संभाळणारी मी कोण, ते मला विचारायचं होतं.

मग ती दुपार आली. जेवणं नुकतीच उरकली होती. हरेश्वरकाका दारात येऊन नुसता हात हलवून बोलावत होते. मी धावत गेले. काटा जिथे कधी नसतो तिथे होता आणि चढत होता. पाण्याचा पंप फिरत होता, पण फवाऱ्यातून पाणी येत नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी शेवाळ आणि प्लास्टिक बसलं होतं, ते नंतर सापडलं. पॅनेल कधी न ऐकलेल्या सुरात शिटी वाजवत होतं आणि स्क्रीन लाल झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'दाब फार चढलाय. प्लांट वाढवू का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. असा प्रश्न आम्ही कोणी कधी बघितला नव्हता.

हरेश्वरकाकांनी 'नाही' दाबलं. "आदीच एवढा हाय, आनि वाढवतोय कुठं," ते पुटपुटले. शिटी थांबली, क्षणभराने पुन्हा सुरू झाली, प्रश्न पुन्हा आला. मिश्राजी माझ्या खांद्यावरून बघत होते. "क्या पूछ रहा है?" मी सांगितलं, "पूछ रहा है, प्लांट बढ़ाऊँ क्या." त्यांचा चेहरा उतरला. "पागल है क्या? नहीं दबाइए, नहीं." पुन्हा 'नाही' दाबलं. आम्ही तिघेही एकमताने नाही म्हणत होतो, काटा चढत होता, आणि मला शेजारच्या भिंतीपलीकडून पोरांचा आवाज येत होता. मी माणसांना बाहेर काढलं. एकाला बालवाडीकडे पळवलं, बाईंना म्हणावं मुलांना घेऊन मोठ्या रस्त्याच्या पलीकडे जा, कारण विचारत बसू नका.

हरेश्वरकाकांनी तळहात लाल बटणावर ठेवला होता. "मॅडम, दाबू?" हाताने सावकाश बंद करत बसायला आता वेळ नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर. लाल दाबलं की सगळं तिथल्या तिथे थांबणार, पोरं वाचणार, आणि प्लांट अडणार, किती दिवस कोण जाणे. पोरांपुढे प्लांट काय... मी 'दाबा' म्हणायला तोंड उघडलं, आणि पॅनेलने पुन्हा विचारलं. या वेळी मी ते मिश्राजींसाठी हिंदीत न करता नंदूदादाच्या आवाजात वाचलं. दाब फार चढलाय. प्लांट वाढवू का? आणि अडखळले. दाबाला तो 'चढलाय' म्हणतो. नेहमीच म्हणायचा. दाब चढव, लोड चढव, पाणी चढव. 'वाढव' हा शब्द त्याने मशीनसाठी कधी वापरलेला मला आठवेना. मग हा कुठला?

तो गेला त्या दिवशी नवघरच्या घरात गावाहून आलेली एक म्हातारी शुभांगीवहिनीला म्हणाली होती, "बांगड्या वाढव गं बाई." वहिनीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि मी त्या म्हातारीला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं होतं. तोच शब्द. आपण बांगडी फोड म्हणत नाही, नारळ फोड म्हणत नाही, वाढव म्हणतो, आणि दिवेलागणीनंतर मामा आतून हाक मारायचे ती, "नंद्या, दुकान वाढव." बंद कर कधी म्हणायचे नाहीत. बंद म्हटलं की लक्ष्मी ऐकते. तो दुकानदाराचा मुलगा होता. तो आम्हाला विचारत होता, दुकान बंद करू का? आणि आम्ही त्याला पुन्हा पुन्हा नाही सांगत होतो.

हे खरं असेल का? असंच वाटत होतं, पण 'वाटतं' एवढ्यावर कोणी बोट ठेवतं का? मी चुकत असेन तर 'हो' म्हटल्यावर काय होईल ते कळायलाही आम्ही उरलो नसतो. मी हरेश्वरकाकांना म्हटलं, "हात तिथेच ठेवा. मी 'हो' दाबतेय. काटा केसभर जरी वर सरकला तर मला विचारू नका, लाल दाबा."

"हो? म्हंजे वाढवनार?" ते माझ्याकडे बघतच राहिले.

"दुकान वाढवतात तसं, काका."

त्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "आमी पन तसंच बोलतो की." पण हात काढला नाही, आणि मी तो काढू नका असं पुन्हा सांगितलं.

मी 'हो' दाबलं. भोंगा वाजला आणि मला वाटलं संपलं सगळं. मी डोळे मिटले, ते मी कबूल करते. मग मशीनचा आवाज बदलला. लोड एकेक पायरी उतरत गेला, कुठेतरी वर एक व्हॉल्व्ह खट करून मिटला, दुसऱ्या टाकीवरचा राखीव पंप सुरू होऊन फवाऱ्यातून पाणी पडू लागलं, छताजवळचे पंखे फिरायला लागले, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर थांबला. काटा खाली येत होता. त्या खोलीत मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा माणसांचा श्वास ऐकू आला. हरेश्वरकाका जे काम हाताने सावकाश करायचे तेच त्याने आत लिहून ठेवलं होतं, क्रम न चुकता. स्क्रीनवर आलं: 'वाढवला. परत उघडायचा तेव्हा हिरवं दाबा.' पासवर्ड मागितला नव्हता.

मी बाहेर येऊन लाद्यांच्या चौथऱ्यावर बसले आणि रडले. सुटकेचं रडू थोडंच होतं, बाकी सगळा राग होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, श्रद्धांजलीचे लेख त्यासाठीच लिहितात. पण मी हे लिहिणार आहे, कारण तो असता तर त्याच्या तोंडावर बोलले असते. दादा, हे चुकलं तुझं. घाबरलेल्या माणसाला आईच्या भाषेत सांगावं म्हणालास, आणि त्या भाषेतला असा शब्द निवडलास की ज्याला दोन तोंडं. शांत असताना आम्हा तिघांतल्या दोघांनी तो बरोबर ओळखला असता. घाबरलेला माणूस पहिला अर्थ पकडतो आणि त्यालाच घट्ट धरून बसतो. बंद म्हणायला तुझी जीभ धजली नाही, आणि त्यापायी गल्लीतली पोरं रस्त्यावर उभी राहिली. एवढी माया होती तुझी त्या मशीनवर की तिच्याबाबतीतही तू अशुभ बोलायला तयार नव्हतास... ते कळतं मला, म्हणून तर आणखी राग येतो.

शेठचा फोन आला. हिरवं दाबा, चालू करा, एवढंच. हरेश्वरकाकाही म्हणाले, "चाललंय तसा चालू द्या, मॅडम. नंदूशेटचा हाय तो." मिश्राजी मात्र माझ्याकडे बघत होते. प्लांट व्यवस्थित थांबलेला, वायू त्याच्या टाकीत सुखरूप. पुसायचं असेल तर अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. इतक्या दिवसांत त्यांनी बघून जेवढं शिकायचं तेवढं शिकून घेतलं होतं, बाकीचं नव्याने, चारचौघांना विचारून लिहावं लागणार होतं, आणि तोवर काही दिवस बर्फ बंद. हिरवं बटण मला दिसत होतं. ते दाबलं असतं तर नंदूदादा पुन्हा घुमायला लागला असता, त्याच्या गमतीदार सूचनांसकट. पण आत आणखी असे किती प्रश्न बसले असतील? आज हा शब्द मला वेळेवर आठवला. उद्या मी सुट्टीवर असेन, पॅनेलसमोर दुसराच कोणी असेल, आणि तो विचारेल, आणि समोरचा नाही म्हणेल.

मी वहिनीला फोन केला. सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याचं शेवटचं राहिलेलं काम मी पुसणार आहे, तिची परवानगी हवी होती मला. ती म्हणाली, "त्यांना विचारून कधी काही मिळालं नाही गं. पोरं सुखरूप आहेत ना? मग तू कर." मी म्हटलं, रागावली नाहीस ना. ती म्हणाली, "तुझ्यावर नाही."

मिश्राजींनी विचारलं, नव्या प्रोग्राममध्ये ती सूचना कशी लिहायची. हरेश्वरकाका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बंद लिहा. सरळ, प्लांट बंद करा." आणि पासवर्ड आम्हा तिघांनाही माहीत हवा, हे त्यांना बजावलं.

कंट्रोलरच्या झाकणाखाली एक बारीकसं बटण असतं, ते पेनाच्या टोकाने दाबून धरावं लागतं. मिश्राजी पुढे झाले, पण मी म्हटलं मी करते. पेनाचं टोक दोनदा घसरलं. मग ते बसलं, आणि मी दाबून धरलं, मिश्राजी पुरे म्हणेपर्यंत. कंट्रोलरवरचे दिवे एकेक करून गेले, एकच लुकलुकत राहिला. स्क्रीन आधी काळी झाली, मग पांढरी, आणि तिच्यावर इंग्रजीत पासवर्ड विचारणारा तोच चौकोन आला, ज्याने आम्हाला इतके आठवडे दारात उभं ठेवलं होतं. मिश्राजींनी त्यात काहीच टाइप केलं नाही. रिकाम्या चौकोनावर नुसतं पुढे जायचं बटण दाबलं.

"खुल गया, मैडम," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. इतके दिवस ते आतून घट्ट होतं, आणि आतून घट्ट असलेल्या दारामागे कोणीतरी आहे असंच आपण धरून चालतो. मी त्याच्याशी भांडत होते, त्याला नावं ठेवत होते, आज त्याने विचारलं आणि मी उत्तरही दिलं होतं. आता ते सताड उघडं होतं, कोणीही आत जावं इतकं, आणि आत एक ओळसुद्धा नव्हती. त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. नंदूदादा गेला, हे मला तेव्हा कळलं.